जुनी नोंद सापडेना तेव्हा : फाउंड्रीच्या ऑडिटआधीचे तीन महिने

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी प्रोजेक्टचं काम बघते. ग्राहकाचं नवं ड्रॉइंग आलं की पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना), पहिली ट्रायल, सँपल, ग्राहकाची मंजुरी आणि मग नेहमीचं उत्पादन, या वाटेवर कोणतं काम कुणाकडे अडलंय त्याचा पाठपुरावा करायचा, हे माझं काम. या सगळ्याची नोंद आम्ही रेडमाइन या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. नोंदी चार-पाच वर्षांच्या आहेत, मनापासून भरलेल्या आहेत, आणि तरीही ऐनवेळी त्यातलं हवं ते सापडत नव्हतं. २०२५ च्या जून ते सप्टेंबरमध्ये आम्ही ते सापडण्याजोगं कसं केलं ते इथं लिहिते आहे. मी शोधत होते तेव्हा मराठीत असं काही हाती लागलं नाही, म्हणून जरा तपशिलातच लिहिते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याच्या एका ग्राहकाचा ई-मेल आला. ऑडिट मंगळवारी, १६ सप्टेंबरला. आधीची ऑडिट्स कागद बघून व्हायची. या वेळी लिहिलं होतं की ऑडिटर कोणताही एक पार्ट उचलतील आणि त्याच्या बदलांचा सगळा इतिहास जागेवरच दाखवायला सांगतील. तारीख बघून मी आधी कॅलेंडर काढलं. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. गणपतीच्या दिवसांत बेळगावात कारखान्याचं काम किती रेटतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि विसर्जनाची रात्र सरली की दुसरा दिवसही गेलाच. म्हणजे हातात जूनचा उरलेला भाग, जुलै आणि ऑगस्टचे तीनेक आठवडे.

मोटारगाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे मानक लागू असतं. त्यात नोंदी किती काळ ठेवायच्या ते स्पष्ट आहे: पार्ट उत्पादनात किंवा सेवेच्या गरजेसाठी जितका काळ चालू असेल तितका काळ, आणि वर एक कॅलेंडर वर्ष. आमच्याकडे काही हाउसिंग (यंत्राची बाहेरची कवचं) दहा-दहा वर्षं चालली आहेत. नोंद ठेवणं आम्हाला जमत होतं. ती काढून दाखवायची म्हटलं की सगळे मेथड्सच्या, म्हणजे ओतकाम कसं करायचं ते ठरवणाऱ्या विभागाच्या, साहेबांकडे बघायचे, कारण कोणत्या पॅटर्नवर कधी काय झालं ते त्यांना तोंडपाठ. साहेबांची निवृत्तीही जवळ आली होती.

ई-मेल आला त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली, आणि खरं सांगायचं तर मला ऑडिटपेक्षा ती जास्त लागली. एका गिअर हाउसिंगला बॉसजवळ, म्हणजे जाड उंचवट्याजवळ, श्रिंकेज (धातू थंड होताना आकसून पडणारी पोकळी) येत होतं. मेथड्सने तिथे चिल, म्हणजे धातू लवकर थंड करणारा तुकडा, बसवून ट्रायल घेतली, कास्टिंगला (ओतीव भागाला) तडे गेले, सगळी भंगारात. धातू परत वितळवता येतो; वीज, वाळू आणि पोरांची मेहनत परत येत नाही. संध्याकाळी पॅटर्न शॉपचे मिस्त्रीमामा हात धुता धुता म्हणाले, "ही ट्रायल आधी बी झाली होती की. तवा बी तडाच गेला होता." मी रेडमाइनमध्ये शोधायला बसले. बराच वेळ गेल्यावर सापडलं: २०२२ ची ट्रायल, तोच चिल, तेच तडे. नोंद होती, फोटोही होता. पण ती होती डिस्पॅचच्या उशिराबद्दलच्या एका इश्यूखाली (रेडमाइनमध्ये प्रत्येक कामाच्या नोंदीला इश्यू म्हणतात), नवव्या की दहाव्या कॉमेंटमध्ये. तिथे ती कुणाला सापडणार? ज्या माणसाने ती इतकी नीट लिहून ठेवली होती तो आता पुण्याला नोकरी करतो. त्याचं लिहिणं फुकट गेलं, याचं मला फार वाईट वाटलं.

पहिली सूचना आली ती नवं सॉफ्टवेअर घ्यायची. एका कंपनीच्या माणसाने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, आणि शोधण्याची सोय खरोखरच छान होती. दर माणशी, दर महिना. सुपरवायझर, मेथड्स, क्वालिटी, पॅटर्न शॉप, डिस्पॅच धरून आमची वीस-बावीस माणसं होतात. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हे घेतलं तर जुनं सापडेल काय?" जुन्या नोंदी जशा आहेत तशाच तिकडे जातील, असं मी सांगितलं. "मग आधी आपलं घर आवरूया की," म्हणाले. रेडमाइन २००६ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, परवान्याचे पैसे नाहीत. आमच्याकडे ते ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका साध्या संगणकावर चालतं. मला मालकांचं पटलं, आजही पटतं.

सुरुवात कुठून करायची ते कळेना. सॉफ्टवेअरचं मदतपान वाचत बसण्याऐवजी मी एक वही केली. जो कोणी माझ्याकडे, साहेबांकडे किंवा क्वालिटीच्या टेबलाशी येऊन काही विचारेल त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा. शेजारी उत्तर कुठे सापडलं आणि साधारण किती वेळ लागला ते. जून संपेपर्यंत एवढंच केलं. मालकांना वाटलं मी वेळ काढते आहे, पण पुढच्या सगळ्या कामाचा पाया ही वहीच ठरली.

वहीतले प्रश्न असे होते. (रायझर म्हणजे आकसणाऱ्या कास्टिंगला जादा धातू पुरवणारा साठा, ब्लो होल म्हणजे वायूमुळे पडलेलं छिद्र, कोअर बॉक्स म्हणजे आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा बनवायची पेटी.) "अक्का, तेवीसशे अठराला जुना रायझर कितीचा होता गे?" "गेल्या पावसात वाळूचा ओलावा वाढला होता तवा काय केलतो?" "त्या हाउसिंगच्या ड्रॉइंगची आता कितवी रिव्हिजन चालू हाय?" "ब्लो होलसाठी याआधी काय काय करून बघितलंय?" "कोअर बॉक्स दुरुस्तीला कोल्हापूरला कधी गेलता?" प्रश्न पॅटर्न क्रमांकावरून येत होते, दोषावरून येत होते, ग्राहकावरून येत होते. रेडमाइनमध्ये आमची मांडणी मात्र होती वर्षाची आणि त्याखाली ग्राहकाच्या पर्चेस ऑर्डरची. पर्चेस ऑर्डरच्या क्रमांकाने प्रश्न विचारणारा शॉपमध्ये एकही माणूस नव्हता. हे वहीत डोळ्यांसमोर आलं तेव्हा एकदम हलकं वाटलं, कारण अडचण कुठे आहे ते तरी कळलं.

जुलैच्या सुरुवातीला मी रेडमाइनच्या सर्चच्या चौकटीकडे वळले. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण हे कुणी सांगितलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते.

पहिली गोष्ट आकड्याची. चौकटीत नुसता आकडा टाकला आणि त्या क्रमांकाचा इश्यू असला, तर रेडमाइन शोधत बसत नाही, थेट त्या इश्यूवर नेऊन सोडतं. इश्यूचा क्रमांक माहीत असेल तर ही फार चांगली सोय आहे. आमचे लोक पॅटर्नचे शेवटचे चार आकडे टाकत, आणि समोर येई कॅन्टीनच्या पाण्याच्या मोटरचा इश्यू. पूर्वी असं होत नसे, कारण इश्यूच तेवढे नव्हते. संख्या पाच हजारांच्या पुढे गेली तसा हा त्रास सुरू झाला. आणि लोकांनी मनाशी ठरवलं की सर्च बिघडलाय. उपाय एवढाच, की आकडा दुहेरी अवतरणात लिहायचा: "२३१८". मग तो इश्यूचा क्रमांक न मानता मजकूर म्हणून शोधला जातो. मी हे मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक संगणकाला चिकटवलं.

दुसरी गोष्ट, प्रकल्पाच्या आत असताना शोधलं तर ते त्या प्रकल्पात आणि त्याच्या उपप्रकल्पांतच बघतं. वर्षावार प्रकल्प असल्यामुळे २०२५ च्या प्रकल्पात राहून २०२२ ची ट्रायल कधीच सापडली नसती. शोधाच्या पानावर 'ऑल प्रोजेक्ट्स' निवडावं लागतं. तिथेच 'सर्च टायटल्स ओन्ली' आणि 'ओपन इश्यूज ओन्ली' असे पर्याय आहेत. जुना इतिहास शोधताना दुसऱ्यावर खूण नाही ना ते बघावं, नाहीतर बंद झालेले सगळे इश्यू गळतात. जोडलेल्या फायलींचा पर्यायही तिथेच आहे, पण शोध घेतला जातो फाइलच्या नावात आणि वर्णनात, फाइलच्या पोटात नाही. स्कॅन करून जोडलेलं इन्स्पेक्शन रिपोर्टचं पान कितीही सुवाच्य असलं तरी त्यातला मजकूर या शोधाला दिसत नाही. त्यासाठी वेगळी प्लगइन मिळतात. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, फायलींची नावं सुधारली.

आणि पाचांपेक्षा जास्त शब्द टाकले तर पुढचे सोडून दिले जातात. लोक अख्खं वाक्य लिहून शोधत होते. दोन-तीन नेमके शब्द पुरतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. आमच्या नोंदी रोमन, देवनागरी आणि कन्नड अशा तिन्ही लिप्यांत आहेत. मोल्डिंगचे अण्णा बैलहोंगलकडचे, ते कन्नडमध्ये लिहितात आणि फार नेटकं लिहितात. मेथड्सवाले रोमनमध्ये. पॅटर्न शॉपचं बहुतेक मराठीत. रेडमाइन अक्षरांची ओळ जशीच्या तशी जुळवतं, शब्दाच्या मधली असली तरी. त्यामुळे मराठी शब्द पूर्ण लिहून शोधू नये. 'साचा' असं शोधलं तर 'साच्याला', 'साच्यातून' सापडत नाहीत; 'साच' एवढंच लिहिलं तर सगळे सापडतात. 'वाळू' सोपा, कारण 'वाळूत', 'वाळूचा' यांत तो अख्खा राहतो. 'तडा' शोधलं तर 'तडे' सुटतात, 'तड' लिहिलं तर दोन्ही येतात, सोबत 'तडजोड'ही येते, पण तेवढं चालतं.

मोबाइलवरून लिहिणाऱ्यांचे आकडे देवनागरी, संगणकावरून लिहिणाऱ्यांचे इंग्रजी. शोधाच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरं. सगळ्यात गोंधळात टाकणारं निघालं ते 'दुसऱ्या', 'तिसऱ्या' यांतलं 'ऱ्य'. संगणकात ते दोन तऱ्हांनी साठवलं जाऊ शकतं: कुठला कीबोर्ड खास 'ऱ' घालतो, कुठला साध्या 'र'ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह देतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, शोधात मात्र जुळत नाहीत. "दुसऱ्या शिफ्टचा रिपोर्ट डोळ्यांनी दिसालाय आणि सर्च नाही म्हणालाय" अशी तक्रार क्वालिटीच्या मुलीने केली, तेव्हा तिचं कसं खरं आहे ते शोधता शोधता हे कळलं. इथेही युक्ती तीच. 'दुस' एवढंच लिहावं, पुढचं सोडून द्यावं.

इतकं समजल्यावर माझं एक मत पक्कं झालं. तीन लिप्या आणि शंभर स्पेलिंगं यांतून नुसत्या मजकुरावर भिस्त ठेवून चालणार नाही, ज्या गोष्टी वारंवार विचारल्या जातात त्यांना स्वतंत्र रकाना हवा. रेडमाइनमध्ये याला कस्टम फील्ड म्हणतात. तो बनवताना दोन खुणा कराव्या लागतात, एक 'सर्चेबल' आणि दुसरी 'यूज्ड ॲज अ फिल्टर'. पहिली नसेल तर सर्चच्या चौकटीला तो रकाना दिसत नाही, दुसरी नसेल तर यादी गाळता येत नाही.

वहीतल्या प्रश्नांवरून चार रकाने ठरले: पॅटर्न क्रमांक, ग्राहक, दोष, बदलाचा प्रकार. ग्राहकाची यादी सोपी. तिथे निदान हा एक फायदा झाला, की एकाच ग्राहकाची पाच स्पेलिंगं संपली. गावांच्या नावांचंही तेच होतं. २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बेळगावी झाल्यापासून वाहतुकीच्या जुन्या-नव्या नोंदींत रोमन स्पेलिंग दोन तऱ्हेचं आहे. पॅटर्न क्रमांकाला नमुना बांधून दिला: दोन आकडे, आडवी रेघ, चार आकडे, तेही इंग्रजीच. रेडमाइनमध्ये मजकुराच्या रकान्याला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांच्या नमुन्याचा नियम, देता येतं. त्यात न बसणारं लिहिलं तर नोंद जतनच होत नाही.

दोषांच्या यादीवर मात्र खूप वेळ गेला. क्वालिटीची यादी पुस्तकातली, लांबलचक. मोल्डिंगची भाषा वेगळी, मिस्त्रीमामांची आणखी वेगळी. एका शनिवारी दुपारी जेवणानंतर सगळ्यांना पॅटर्न शॉपमध्ये बसवलं आणि भंगारातली खरी कास्टिंग टेबलावर मांडली. एकेक उचलायचं आणि विचारायचं, याला तुम्ही काय म्हणता? अण्णा आणि मामांनी एकाच कास्टिंगला दोन नावं सांगितली, की दोन्ही कागदावर घ्यायची. तासाभरात कळलं की आपण बारा-तेरा दोषांपलीकडे जात नाही. त्यांचे फोटो काढले, प्रत्येकाला एक संकेत दिला आणि मराठी व कन्नड दोन्ही नावांनिशी तक्ता भिंतीवर लावला. रकान्यात तो संकेत निवडायचा, भाषा कुठलीही असो. अण्णा तक्त्यासमोर उभे राहून म्हणाले, "आता माझं लिहिलेलं बी तुम्हाला मिळणार." त्यांच्या नोंदी आजवर आमच्यापैकी बहुतेकांना वाचताच येत नव्हत्या, आणि ते वर्षानुवर्षं न कुरकुरता लिहीत आले होते.

रकाने सक्तीचे करायचे की नाही यावर साहेबांशी दोन दिवस चर्चा झाली. सगळंच सक्तीचं केलं की माणसं पहिला दिसेल तो पर्याय दाबतात, आणि चुकीची माहिती रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट. रेडमाइनच्या वर्कफ्लोमध्ये कोणत्या टप्प्याला कोणता रकाना सक्तीचा ते ठरवता येतं. पॅटर्न क्रमांक आम्ही इश्यू उघडतानाच सक्तीचा केला. दोष सक्तीचा केला तो इश्यू बंद करताना, कारण सुरुवातीला कुणालाच खात्री नसते. माझ्या मते या सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला निर्णय हाच.

आता जुन्या नोंदी. त्यांना हात लावण्याआधी बॅकअप हवा. डेटाबेस वेगळा आणि जोडलेल्या फायलींचं फोल्डर वेगळं, दोन्ही घ्यावे लागतात. नुसता डेटाबेस घेतला तर फोटो आणि रिपोर्ट राहून जातात. सर्व्हर बघणारे गृहस्थ चिकोडीहून येतात, त्यांच्यासाठी आठवड्याहून जास्त थांबावं लागलं. त्यात जुलैचा पाऊस, दिवसातून कधीही वीज जायची, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. नवी बॅटरी, एक एसएसडी आणि बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क मिळून चौदा हजारांच्या आसपास गेले, त्यांची फी तीन हजार. पूर्ण कामातला रोख खर्च म्हणाल तर बहुतेक एवढाच. मोठा खर्च वेळेचा होता.

सगळ्या जुन्या नोंदी सुधारायच्या नाहीत हे आम्ही आधीच ठरवलं. जे पार्ट चालू आहेत आणि जे बंद होऊन वर्ष उलटायचं आहे, तेवढेच. मानकातली नोंदी ठेवण्याची मुदत इथे अशी कामाला आली. उद्यमबागेतल्याच इंजिनिअरिंग कॉलेजचा एक विद्यार्थी इंटर्नशिपला आला होता, त्याने मन लावून हे काम केलं. आधी यादी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फायलीत) काढायची, साहेबांबरोबर बसून कोणता इश्यू कोणत्या पॅटर्नचा ते ठरवायचं, मग रेडमाइनच्या यादीत ते इश्यू निवडून उजवं बटण दाबून रकाना एकगठ्ठा भरायचा. करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: एकगठ्ठा बदल केला की त्या त्या इश्यूशी संबंधित सगळ्यांना ई-मेल जातात. आम्ही त्याआधी सेटिंगमधून सूचना बंद केल्या आणि काम झाल्यावर आठवणीने चालू केल्या.

साहेबांचं बसणं फार मोलाचं होतं. रोज चहानंतर एक तास. एकेका इश्यूवर ते थांबायचे आणि लिहिलेलं नसलेलं सांगायचे: ही ट्रायल का सोडली, त्या वेळी वाळू कुठली होती, ग्राहकाचा कोण माणूस काय म्हणाला होता. पोरगा ते कॉमेंटमध्ये टाकायचा. निवृत्तीच्या दिवशी हार घालून जे विचारायचं राहून जातं ते आम्हाला ऑगस्टमध्ये बसून विचारता आलं.

मिस्त्रीमामा संगणकाला हात लावत नाहीत. त्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत, पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या, मापं, तारखा. "तुझ्या त्या पेटीत माझी वही कशी घालणार गे बाई?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही पान दाखवा, मी फोटो घेते." प्रत्येक फोटोला नाव एकाच पद्धतीने दिलं: पॅटर्न क्रमांक, मग काय आहे ते एका शब्दात, मग वर्ष-महिना-दिवस. तारीख अशी उलटी लिहिली की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. फाइल जोडताना वर्णनाची एक चौकट येते, ती बहुतेक लोक रिकामी सोडतात. तिथे पानावरचे महत्त्वाचे शब्द लिहिले. आता 'रायझर' शोधलं की मामांचं २०१७ चं पान समोर येतं. ते त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून माप तपासलं, बरोबर आहे म्हणाले आणि दुसरी वही काढून दिली.

शेवटचं काम जतन केलेल्या क्वेऱ्यांचं. रेडमाइनमध्ये गाळण्या लावून बनवलेली यादी नाव देऊन ठेवता येते आणि सगळ्यांना दिसेल अशी करता येते. आम्ही नावं वहीतल्या प्रश्नांचीच दिली. 'या पॅटर्नवर काय काय बदललं?' उघडायचं, पॅटर्न क्रमांक तेवढा बदलायचा. 'या दोषावर आधी काय करून बघितलं?' ही दुसरी. तिसरी ड्रॉइंगची. ग्राहकाकडून तांत्रिक बदल आला की त्याची तपासणी कामाच्या १० दिवसांत व्हावी असं मानक सांगतं. म्हणून सात दिवसांपूर्वी उघडलेले आणि अजून बंद न झालेले ड्रॉइंग बदल असे गाळून ठेवले. मी ती यादी रोज सकाळी उघडते. क्वेऱ्या मोजक्याच ठेवा. आमच्याकडे जुन्या तीस-चाळीस होत्या, कुणी कशासाठी केल्या ते कुणालाच माहीत नव्हतं, त्या विचारून विचारून काढून टाकल्या.

गणपतीत काम थांबलं. विसर्जनानंतरच्या आठवड्यात सराव घेतला. क्वालिटीची मुलगी स्टोअरमधून कुठलंही कास्टिंग उचलून आणायची आणि ज्याची पाळी त्याने इतिहास काढायचा. सुरुवातीला दहा-बारा मिनिटं लागत, मग पाचावर आलं, मग दोन-तीनवर. अण्णांनी सगळ्यांत लवकर हात बसवला.

१६ सप्टेंबरला ऑडिटर आले, चहा घेतला आणि थेट डिस्पॅचमध्ये गेले. एक कास्टिंग उचललं, त्यावरचा उठावाचा पॅटर्न क्रमांक आणि हीट नंबर (धातू कोणत्या वितळणीतला ते सांगणारा) वाचला आणि म्हणाले, या पार्टला शेवटचा बदल काय झाला? माझ्या पोटात गोळा आला होता. इंटर्न पोराने क्वेरी उघडली, क्रमांक टाकला, ड्रॉइंगची रिव्हिजन, ट्रायलचा रिपोर्ट, ग्राहकाची मंजुरी ओळीने समोर. त्यांनी आणखी काही पार्ट विचारले, तेही निघाले. तो श्रिंकेजचा हाउसिंगही त्यांनी काढायला लावला आणि २०२२ ची ट्रायल २०२५ मध्ये पुन्हा का घेतली असं सरळ विचारलं. साहेबांनी घडलं ते सांगितलं. मग त्यांनी दोषांचा तक्ता बघायला मागितला आणि त्याचा फोटो घेतला.

एक गोष्ट सापडली नाही. एका कोअर बॉक्सच्या दुरुस्तीची नोंद. बॉक्स कोल्हापूरला गेला होता आणि परत आला होता, चलन कागदाच्या फायलीत होतं, रेडमाइनमध्ये काहीच नव्हतं, कारण बाहेर जाणाऱ्या पॅटर्नचा इश्यू उघडायची पद्धतच नव्हती. अहवालात ते निरीक्षण म्हणून आलं, उत्तराला एक महिना.

उत्तर आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाठवलं आणि महिनाअखेरीस ते मान्य झालं. आता पॅटर्न किंवा कोअर बॉक्स बाहेर निघाला की चलनावर रेडमाइनचा इश्यू क्रमांक लिहावा लागतो, आणि तो नसेल तर गेटवर गाडी थांबते. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर वैतागले, नंतर सवय झाली. मामांच्या तीन वह्या अजून बाकी आहेत, शनिवारी दुपारी थोडी थोडी पानं घेते. गेजच्या कॅलिब्रेशनच्या नोंदी यानंतर घ्यायच्या आहेत. त्यासाठीची प्रश्नांची वही क्वालिटीच्या मुलीने सुरू केली आहे.